अळिंबीचा ताजेपणा आणि वेष्टन

पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडेला आदिवासी भगिनी रानातली अळंबी पानांत मांडून विकावयास बसलेल्या दिसतात. पहाटे वेचलेली ही अळंबी सायंकाळपर्यंत मलूल होते. त्यामुळे योग्य भाव मिळण्याची मुदत अवघ्या काही तासांची असते. भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबीची लागवड करणाऱ्यांपुढेही हीच अडचण आहे. जिल्ह्यात पेंढा विपुल आहे आणि मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. तथापि तोडणीपासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत माल ताजा राहिला नाही, तर उत्पादकाचे श्रम वाया जातात. या दृष्टीने वेष्टनाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

अळिंबी लवकर का नासते?

ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. फळांना असते तशी संरक्षक साल तिला नसते. म्हणून कोरड्या हवेत ती झपाट्याने सुकते आणि दमट जागी तिच्यावर जिवाणू वाढून ती बुळबुळीत होते. तोडणीनंतरही तिचे श्वसन चालूच राहते. प्राणवायू घेतला जातो. कर्बद्विप्राणिल वायू, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर पडतात. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणतः दोन ते तीन पट होतो. हाताळताना ती दबली वा खरचटली, तर तिच्यातील विकरे हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तिला तपकिरी करतात.

वेष्टनाचे कार्य

चांगल्या वेष्टनाने दोन परस्परविरोधी गरजा भागवावयाच्या असतात. ओलावा टिकला पाहिजे, पण वाफ कोंडता कामा नये. श्वसन मंदावले पाहिजे, पण ते थांबता कामा नये.

पळसाच्या वा सागाच्या पानांतून हवा खेळती राहते. त्याच दिवशीच्या विक्रीस ही पद्धत सोयीची आहे. मात्र त्यात वजन लवकर घटते. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. त्याची शाई आरोग्यास अपायकारक आहे आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी त्याचा वापर २०१८ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी निषिद्ध ठरविला आहे.

तोंड पूर्ण बंद केलेली, छिद्रे नसलेली प्लॅस्टिकची पिशवी सर्वांत घातक होय. आत पाण्याचे थेंब जमतात, कुबट वास येतो आणि प्राणवायू संपतो. प्राणवायूविरहित व उबदार स्थितीत बोटुलिझम या प्राणघातक विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि वरून माल चांगला दिसला तरी हा धोका संभवतो. याकरिता खाद्यपदार्थांस योग्य अशा, बारीक छिद्रे असलेल्या पिशवीत सुमारे २०० ग्रॅम अळिंबी सैलसर भरावी. अशी धिंगरी सामान्य तापमानास जेमतेम एक दिवस टिकते. शीतकपाटात ती चार-पाच दिवस चांगली राहू शकते. यावरून हे स्पष्ट होते की, वेष्टन हे थंडाव्याला पूरक आहे, त्याला पर्याय नव्हे.

किनारपट्टीवरील विशेष दक्षता

पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारी मातीची शीतपेटी कोरड्या प्रदेशात उपयोगी पडते. परंतु पावसाळ्यातील किनाऱ्यावरील दमट हवेत तिचा फारसा लाभ होत नाही. येथे बर्फाचा आधार घ्यावा. मासळीच्या व्यवसायामुळे किनाऱ्यावर बर्फ मिळतो. तथापि अळिंबीची पेटी स्वतंत्र असावी, आणि बर्फ बंद बाटल्यांत ठेवावा, म्हणजे वितळलेले पाणी मालाला लागणार नाही. तोडणी सकाळी लवकर, टोपीच्या कडा पसरून विरण्यापूर्वी करावी. तोडणीपूर्वी पाणी फवारू नये व माल धुऊन भरू नये. आधी थंड करावा, मग भरावा.

विकून न संपलेला माल वाळविणे हिताचे असते. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसल्याने सुमारे ५० अंश तापमानाचे वाळवणयंत्र वापरावे. १० किलो ताज्या मालापासून साधारण १ किलो सुकी अळिंबी मिळते. येथे नियम उलटा होतो: ताज्या अळिंबीस श्वास घेऊ द्यावा, सुकीला मात्र हवाबंद ठेवावे, अन्यथा ती हवेतील ओलावा शोषून बुरसते.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांनी धिंगरीचे समान वजनाचे चार भाग करावेत. एक उघडा, एक पानात, एक बंद पिशवीत आणि एक छिद्रांच्या पिशवीत ठेवावा. दर सहा तासांनी वजन, रंग, वास व पाण्याचे थेंब यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. प्रयोगातील अळिंबी कोणीही खाऊ नये.

एक इशारा

वेष्टन कितीही उत्तम असले तरी विषारी अळंबी खाण्यायोग्य होत नाही. काही जातींचे विष शिजवूनही नष्ट होत नाही, आणि चांदी काळी पडते का हे पाहण्याची पद्धत निराधार आहे. खात्रीने ओळखता न येणारी रानअळंबी खाऊ नये व विकू नये.

ग्रामपंचायतींनी बचत गटांसाठी एखादी सामाईक शीतपेटी व वाळवणयंत्र उपलब्ध करून दिले, तर उत्पादकास मिळेल त्या भावात माल विकून मोकळे होण्याची घाई करावी लागणार नाही. पेंढ्यातून पिकविलेले धन वाटेत नासू न देणे हीदेखील एक प्रकारची उत्पादनवाढच आहे.