काचेवरील अक्षरे आणि तत्पर प्रतिसाद

जळगावनजीक जैन हिल्स येथील गांधीतीर्थ हे संग्रहालय २०१२ साली तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुले झाले. स्पर्श करताच माहिती देणाऱ्या पडद्यांचा वापर तेथे खानदेशाने पाहिला. धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळात जुने मोडी कागद जतन केलेले आहेत. पण मोडी आज थोड्यांनाच वाचता येते. अशा कागदापुढील काचेवरच बाळबोध अक्षरे उमटली, तर मूळ कागद व त्याचे वाचन एकाच वेळी दृष्टीस पडेल. पारदर्शक एलईडी फलकाने हे साधू शकते. मात्र त्याची रचना विचारपूर्वक झाली पाहिजे.

विलंब कोठे होतो?

एलईडी दिवा विद्युत्प्रवाह मिळताच डोळ्याला कळणार नाही इतक्या त्वरेने उजळतो. विलंब होतो तो वाटेत. स्पर्श ओळखणे, संगणकाने मजकूर शोधणे, चित्र तयार करणे आणि ते फलकाकडे धाडणे असे चार टप्पे आहेत. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या फलकावर प्रत्येक चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंद लागतात. वाटेत तीन चित्रे साठून राहिली, तर ५० सहस्रांश खर्ची पडतात. एकूण विलंब १०० सहस्रांशांच्या आत असल्यास प्रतिसाद तत्काळ वाटतो. तो बराच वाढला, की प्रेक्षक पुन्हा बोट टेकवितो आणि भलतेच पान उघडते. म्हणून मजकूर दूरच्या संगणकावर न ठेवता जागीच साठवावा आणि स्पर्श होताच निदान एक खूण उजळावी.

पारदर्शकतेच्या मर्यादा

काच पारदर्शक राहण्यासाठी दिव्यांमध्ये अंतर सोडावे लागते. १० मिलिमीटर अंतराचा फलक साधारणतः १० मीटरवरून नीट वाचता येतो. स्पर्श करणारा मात्र हातभर अंतरावर असतो. त्यास बारीक ठिपक्यांचाच फलक हवा. वेलांटी, उकार व जोडाक्षरे यांमुळे देवनागरीस ठिपक्यांच्या ओळीही अधिक लागतात. न उजळलेला भाग काळा न दिसता आरपार दिसतो. त्यामुळे मागे वैशाखातील ऊन असल्यास अक्षरे फिकी पडतात. शिवाय जुन्या कागदावर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा जतनशास्त्राचा संकेत आहे. वाचनाच्या सोयीपायी मूळ कागदच विटला, तर ती हानी भरून येणार नाही.

खरेदीपूर्वी परीक्षा

सेकंदास २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाईलने बोट व फलक यांचे चित्रण करावे. स्पर्शापासून प्रकाश दिसेपर्यंतची चित्रे मोजावीत. २४ चित्रे म्हणजे १०० सहस्रांश सेकंद. ही परीक्षा प्रत्यक्ष जागेवर, भर दुपारी, शाळकरी मुले व वृद्ध यांच्याकडून करवून घ्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हाच प्रयोग करून घेतल्यास विज्ञानाचा एक उत्तम पाठ होईल आणि ग्रामपंचायतींना आपला फलक पारखून घेता येईल.