तेलविहिरीचा जोडमाल : जास्तीचा वायू जाळायचा की बाजारात आणायचा?

समुद्राच्या तळातून किंवा जमिनीतून खनिज तेल काढताना त्याच्यासोबत वायूही वर येतो. हा वायू नळातून कारखान्यापर्यंत पोहोचला तर त्यापासून वीज, खत, स्वयंपाकाचा गॅस आणि प्लास्टिकचे दाणे तयार होतात. नेण्याची सोय नसेल तर विहिरीजवळ मशाल पेटवून तो जाळून टाकावा लागतो. माल एकच, पण एका ठिकाणी त्याचे पैसे होतात आणि दुसऱ्या ठिकाणी धूर. असे का होते आणि ते कसे थांबवता येते, हे आजच्या लेखात पाहू.

आम्ही कापडाचे व्यापारी, तेलाचे इंजिनियर नव्हे. परंतु हा प्रश्न जितका इंजिनियरचा आहे तितकाच व्यापाऱ्याचाही आहे. म्हणून बजाजनगर-वाळूजच्या कारखानदार, दुकानदार आणि कारागीर बंधूंनी तो समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

एका घाण्यात दोन माल

मराठवाड्यातील कापसाचे उदाहरण घेऊ. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला तर साधारण एक तृतीयांश रुई निघते. बाकीची जवळजवळ सगळी सरकी असते. आपल्याला रुई हवी असते, पण सरकी नको म्हणून चालत नाही. ती निघणारच. सरकीचे तेल आणि ढेप यांना गिऱ्हाईक आहे, म्हणून जिनिंगवाल्याचा हिशोब जमतो.

तेलविहिरीचेही तसेच आहे. जमिनीखाली प्रचंड दाबामुळे वायू तेलात विरघळलेला असतो. सोड्याची बाटली उघडल्याबरोबर फेस येतो, तसा तेल वर येऊन दाब कमी झाला की वायू वेगळा होतो. विहिरीवर मोठ्या टाक्या असतात, त्यांना सेपरेटर म्हणतात. तेथे तेल, पाणी आणि वायू असे तीन भाग वेगळे केले जातात.

मात्र सरकी आणि वायू यांत एक मोठा फरक आहे. भाव पडला तर सरकी गोदामात ठेवता येते, वायू तसा ठेवता येत नाही. एक घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण एक लिटर डिझेलइतकी उष्णता असते. पण एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटरची जागा. एवढ्या जागेचा माल साठवायचा कोठे आणि न्यायचा कसा? त्यासाठी तो कॉम्प्रेसरने दाबावा लागतो, सुकवावा लागतो आणि नळवाहिनीतून पाठवावा लागतो. पलीकडच्या टोकाला रोज तो घेणारा ग्राहकही तयार असावा लागतो. यातील एक कडी जरी तुटली तरी वायू जास्तीचा ठरतो. आणि वायू बंद करायचा तर तेलही बंद करावे लागते.

बॉम्बे हायचा धडा

आपल्या राज्याजवळ याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात असलेले बॉम्बे हाय. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या यंत्रणेने तेथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या काळात तेलाचे भाव भडकलेले होते, देशाला तेलाची निकड होती. त्यामुळे तेल आधी आणि वायूचे नंतर बघू, असा क्रम पडला.

पुढे समुद्रातून उरणपर्यंत नळवाहिनी आली. उरणचे वायूवर चालणारे वीज केंद्र, तुर्भे आणि अलिबागजवळील थळ येथील राष्ट्रीय केमिकल्सचे खत कारखाने, नागोठण्याचा प्लास्टिकच्या दाण्यांचा प्रकल्प, हे सर्व या वायूचे ग्राहक झाले. १९८४ साली गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि गुजरातमधील हजिरापासून उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत मोठी नळवाहिनी टाकण्यात आली.

तरीही तेल ज्या वेगाने वाढले त्या वेगाने कॉम्प्रेसर, नळ आणि ग्राहक वाढले नाहीत. १९९०-९१ साली देशात सुमारे १८०० कोटी घनमीटर वायू निघाला. त्यापैकी सुमारे ५०० कोटी घनमीटर जाळला गेला, म्हणजे शंभरातले जवळजवळ अठ्ठावीस. वर सांगितलेला हिशोब लावला तर एका वर्षात ५०० कोटी लिटर डिझेलइतकी उष्णता समुद्राच्या वाऱ्यात गेली. आणि तो काळ कोणता होता? आखाती युद्धामुळे तेल महागले होते, तिजोरीत परकीय चलन उरले नव्हते आणि १९९१ साली देशाला सोने गहाण ठेवावे लागले होते. एका हाताने सोने गहाण आणि दुसऱ्या हाताने इंधनाची होळी, असा तो प्रसंग होता.

यात कोणाला वायूची किंमत कळत नव्हती असे नाही. किंमत सर्वांना माहीत होती, पण माल उचलण्याची व्यवस्था मालाच्या मागून आली. १९९१ साली जागतिक बँकेनेही वायू जाळणे कमी करण्यासाठी भारताला कर्ज मंजूर केले. समुद्रात कॉम्प्रेसर आणि नळवाहिन्या वाढवण्यात आल्या. २०००-०१ साली देशाचे वायू उत्पादन सुमारे २९०० कोटी घनमीटरपर्यंत गेले, आणि जाळण्याचे प्रमाण शंभरात दहाच्या आत आले.

जास्तीच्या वायूचे काय करतात?

१. बाजारात पाठवणे : वायू दाबून व त्यातील पाण्याचा अंश ग्लायकॉल नावाच्या द्रवाने शोषून घेऊन नळवाहिनीत सोडतात. उरणसारख्या ठिकाणी त्यातून प्रोपेन व ब्युटेन वेगळे काढले की आपल्या सिलिंडरमधील गॅस तयार होतो.

२. विहिरीतच कामाला लावणे : जुन्या विहिरीत तेल आपल्या जोराने वर येत नाही. मग दाबलेला वायू विहिरीच्या नळात सोडतात. तेल हलके होते आणि वर चढते. याला गॅस लिफ्ट म्हणतात. बॉम्बे हायमध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आहे.

३. परत जमिनीत घालणे : ग्राहक नसेल तर वायू पुन्हा तेलाच्या थरात भरतात. थरातील दाब टिकतो आणि मालही शिल्लक राहतो. जमीन हेच त्याचे गोदाम.

४. जागेवर वापरणे : प्लॅटफॉर्मवरील यंत्रे आणि वीजनिर्मिती याच वायूवर चालवतात.

५. मशालीकडे जाणारा वायू परत पकडणे : झडपांमधून आणि टाक्यांमधून थोडा थोडा वायू मशालीच्या नळात येत असतो. तो लहान कॉम्प्रेसरने ओढून पुन्हा मुख्य नळात घालतात. ओएनजीसीने उरणच्या कारखान्यात अशी यंत्रणा बसवलेली आहे.

वाचक विचारतील, मग मशाल कायमची विझवून का टाकत नाहीत? तसे करता येत नाही. यंत्र अचानक बंद पडले, दाब वाढला, तर वायू तत्काळ सुरक्षित बाहेर काढावा लागतो. कुकरच्या शिट्टीसारखीच ती सोय आहे. मोकळा सुटलेला वायू काय करतो हे २७ जुलै २००५ रोजी बॉम्बे हाय नॉर्थ येथे दिसले. एक जहाज प्लॅटफॉर्मला धडकले, वायूचा उभा नळ फुटला आणि आग लागली. २२ माणसे गेली आणि अख्खा प्लॅटफॉर्म नष्ट झाला. म्हणून अडचणीच्या वेळी पेटणारी मशाल ही गरज आहे. रोजचा माल रोज जाळणारी मशाल मात्र व्यवस्थेचा दोष आहे.

न दिसणारे नुकसान

आतापर्यंत आपण मालाचे नुकसान पाहिले. दुसरे नुकसान हवेचे आहे. नैसर्गिक वायूचा मुख्य भाग म्हणजे मिथेन. तो नीट जळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता सुटला तर वीस वर्षांच्या काळात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे ज्वाला दिसते म्हणून ती वाईट आणि काही दिसत नाही म्हणून सर्व ठीक, हा समज चुकीचा आहे.

वहीवर हिशोब मांडून पाहू. शंभर किलो मिथेन मशालीकडे गेला. एक किलो जळाला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मशाल चांगली असेल आणि ९८ किलो जळाला, तर सुमारे २७० किलो कार्बन डायऑक्साइड झाला. उरलेला दोन किलो मिथेन ऐंशी पटीने १६० किलोच्या बरोबरीचा. एकूण ४३०. आता वारा जोराचा आहे, मशालीची निगा नाही, आणि ९१ किलोच जळाला असे समजा. जळालेल्याचे २५० आणि सुटलेल्या नऊ किलोचे ७२०. एकूण ९७०. फक्त सात किलोच्या फरकाने नुकसान दुपटीहून जास्त झाले. हे आकडे हवेतले नाहीत. ९८ टक्के हे नेहमी गृहीत धरले जाणारे प्रमाण आहे. २०२२ साली अमेरिकेत विमानातून प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा ते सुमारे ९१ टक्केच भरले. काही मशाली तर विझलेल्याच होत्या आणि कच्चा वायू सरळ हवेत जात होता.

यावरचे उपाय फार अवघड नाहीत. मशालीची लहान पेटती वात विझू न देणे, धूर होत असेल तर वाफ किंवा हवा सोडून ज्वाला स्वच्छ ठेवणे, टाक्यांवरील वाफ ओढून घेणे, झडपा व जोड वेळच्या वेळी तपासणे. आपला वेल्डर साबणाचे पाणी लावून सिलिंडरची गळती शोधतो. तेथे तेच काम खास कॅमेऱ्याने करतात, त्यात डोळ्यांना न दिसणारा वायू दिसतो. आता उपग्रहांवरूनही मोठी गळती पकडली जाते. गंधक असलेला वायू आधी साफ करावा लागतो, कारण तो जाळला तर घशाला व फुप्फुसांना त्रास देणारा सल्फर डायऑक्साइड तयार होतो.

इतर देशांचा अनुभव

सौदी अरबस्तानात पूर्वी तेलासोबतचा बहुतेक वायू जाळला जात असे. १९७५ साली सरकारने तो गोळा करण्याची देशव्यापी योजना हाती घेतली. त्या वायूवर जुबैल आणि यांबू ही उद्योगनगरे उभी राहिली. नायजेरियाने १९७९ साली कायदा करून १९८४ पासून परवानगीशिवाय वायू जाळण्यास बंदी घातली. पण दंड इतका किरकोळ होता की दंड भरणे हे नळ टाकण्यापेक्षा स्वस्त पडले आणि मशाली चालूच राहिल्या. नॉर्वेने सुरुवातीपासूनच परवानगी कडक ठेवली आणि १९९१ पासून जाळलेल्या वायूवर कर लावला. तेथे जाळण्याचे प्रमाण फार कमी आहे.

जगाचा एकूण हिशोब अजून चांगला नाही. जागतिक बँकेच्या उपग्रह मोजणीनुसार २०२४ साली जगभर सुमारे १५,१०० कोटी घनमीटर वायू जाळला गेला. भारत वर्षभरात जेवढा वायू वापरतो त्याच्या दुपटीहून हे अधिक आहे. नेहमीचे जाळणे २०३० पर्यंत बंद करण्याचा संकल्प २०१५ साली जाहीर झालेला आहे. तो पुरा व्हायचा तर नुसता कायदा पुरणार नाही. नळ, ग्राहक आणि परवडणारा दर ही तिन्ही एकत्र यावी लागतील.

आपल्यासाठी यात काय आहे?

वायू आता आपल्या दारापर्यंत येत आहे. श्रीगोंद्याहून आपल्या शहराकडे नळवाहिनी आणण्याच्या कामाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. सीएनजीच्या रिक्षा रस्त्यावर आहेत, आणि जुलै २०२४ मध्ये बजाज ऑटोने सीएनजीवर चालणारी मोटारसायकलही बाजारात आणली. बेकरी, पावडर कोटिंग, रंगाई, फोर्जिंग अशा धंद्यांतील बंधूंनी डिझेल, सिलिंडर आणि नळाचा वायू यांचा खर्च उष्णतेच्या मापाने तोलून पाहावा. एक घनमीटर म्हणजे अंदाजे एक लिटर डिझेल, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी हिशोब सोपा होतो. जोडणी घेतली तर गळतीची तपासणी ठरलेल्या दिवशी, नोंदवहीत लिहून करावी. गळलेल्या वायूचे पैसे जातात आणि जीवालाही धोका असतो.

दुसरी गोष्ट सर्व धंद्यांना लागू आहे. आपल्या प्रत्येकाच्या कामात एक मुख्य माल निघतो आणि एक जोडमाल. शिंप्याकडे कटपीस व चिंध्या, सुताराकडे भुसा, लेथवाल्याकडे बुरादा, खाटकाकडे कातडे व हाडे. धंदा सुरू करताना मुख्य मालाचे गिऱ्हाईक सर्वजण आधी शोधतात. जोडमालाचे गिऱ्हाईक, तो साठवायची जागा आणि नेणारी गाडी हेही त्याच दिवशी ठरवले पाहिजे. ‘पुढे बघू’ म्हटले की ढीग वाढतो, मग तो उचलायला पैसे द्यावे लागतात किंवा रात्री कोपऱ्यात पेटवून दिला जातो आणि त्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जातो. नवे यंत्र घेताना त्यातून काय काय निघेल याची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे घेणाऱ्याचे नाव लिहावे. एखाद्या नावापुढची जागा रिकामी राहिली, तर यंत्राची ऑर्डर देण्याआधी ती भरावी.