वादळी मेघ व विमानप्रवास

वैशाखांतील एखाद्या दुपारीं क्षितिजावर कापसाच्या ढिगासारखा शुभ्र मेघ उभा राहिलेला तुम्हीं पाहिला असेल. पाहतां पाहतां तो उंच वाढतो, त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीप्रमाणें पसरतो, बुडाशीं काळोख दाटतो आणि वळवाच्या सरी कोसळूं लागतात. खालून पाहणाऱ्यास तो देखावा रम्य वाटतो. परंतु वैमानिकास त्या मेघाचें भय वाटतें. तें कां, आणि त्यापासून विमानांत बसणाऱ्या प्रत्येकानें काय शिकावें, हें या लेखांत पाहूं.

प्रथम मेघाची घडण समजून घेऊं. जमीन तापली म्हणजे तिच्यालगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते. वर गेल्यावर ती निवते व तिच्यांतील वाफेचे जलकण बनतात. वाफेचें पाणी होतांना तिच्यांत सांठलेली उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेच्या योगानें हवा अधिकच वेगानें वर धांवते. पुढें पाण्याचे थेंब व गारा इतक्या जड होतात कीं वर जाणारा वारा त्यांस तोलूं शकत नाहीं. त्या पडतांना आपल्याबरोबर हवेलाही खालीं ओढतात. शिवाय कांहीं पाणी वाटेंतच आटल्यामुळें ती हवा थंड व जड होते. अशा रीतीनें एकाच मेघांत वर जाणारा व खालीं येणारा असे दोन प्रचंड प्रवाह शेजारीं शेजारीं वाहूं लागतात.

हें ज्ञान घरबसल्या मिळालेलें नाहीं. १९४६ सालीं फ्लॉरिडांत व १९४७ सालीं ओहायोंत प्रोफेसर होरेस बायर्स यांच्या देखरेखीखालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं वादळी मेघांचा अभ्यास केला. लष्करी वैमानिक ‘ब्लॅक विडो’ जातीचीं विमानें एकाखालीं एक, सुमारें ५,००० फुटांच्या अंतरानें ठेवून मुद्दाम मेघांत शिरत. १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत मेघाच्या वाढीच्या, पूर्णतेच्या व ऱ्हासाच्या अशा तीन अवस्था वर्णिल्या आहेत. पैकीं पूर्णतेच्या अवस्थेंत दोन्ही प्रवाह एकत्र नांदतात व हवेची खळबळ पराकाष्ठेस पोंचते.

म्हणूनच प्रवासी विमान अशा मेघांत शिरत नाहीं. त्यास वळसा घालून जातें. उग्र मेघापासून निदान २० सागरी मैल, म्हणजे सुमारें ३७ किलोमीटर, दूर राहावें असा वैमानिकांस उपदेश असतो. विमानाच्या नाकांत रडार असतें व तें पावसाचे थेंब दुरून दाखवितें. परंतु उंचावरील कोरड्या हिमकणांचा प्रतिध्वनि फार क्षीण येतो. मेघावरून जावें म्हटलें, तर उष्ण कटिबंधांत त्याचा माथा कित्येकदां ५०,००० फुटांच्याही वर असतो. जो मेघ अद्याप खालीं आहे, तोही झपाट्यानें वाढत असतो, आणि त्याच्या माथ्यावरची निर्मळ दिसणारी हवादेखील ढवळून निघालेली असते.

याचें एक उदाहरण पाहूं. २१ मे २०२४ रोजीं सिंगापूर एअरलाइन्सचें एक बोइंग ७७७ विमान लंडनहून सिंगापूरकडे जात होतें. आंत २११ प्रवासी व १८ कर्मचारी होते. सुमारें दहा तासांचा प्रवास सरला होता. न्याहारी वाढण्याची वेळ होती. विमान म्यानमारच्या, म्हणजे पूर्वींच्या ब्रह्मदेशाच्या, दक्षिण भागावरून ३७,००० फुटांवर चाललें होतें. खालीं बहुधा मेघ वाढत होते. एकाएकीं विमान हादरूं लागलें व कोणींही न चढवितां ३६२ फूट वर उचललें गेलें. स्वयंचालक यंत्र त्यास मूळ उंचीवर आणण्यासाठीं त्याचें नाक खालीं करूं लागलें. वेगही वाढला, तो वैमानिकांनीं पंखांवरील रोधक फळ्या उघडून आवरला. त्याच गडबडींत, पट्टे बांधण्याचा दिवा लावला आहे, असें एका वैमानिकानें सांगितलें.

त्यानंतर अवघ्या ८ सेकंदांनीं विमान खालीं खेंचलें गेलें. ४.६ सेकंदांत तें १७८ फूट उतरलें. ज्यांनीं पट्टे बांधले नव्हते त्यांच्या खालून जणूं विमानच निसटलें. तीं माणसें अधर उडालीं व लागलींच खालीं आदळलीं. वैमानिकांनीं सुकाणूं आपल्या हातीं घेऊन २१ सेकंद विमान सांवरलें. पहिल्या हादऱ्यापासून मूळ उंचीवर परत येईपर्यंत सारा प्रकार सुमारें एका मिनिटांत आटोपला. कर्मचाऱ्यांकडून जखमींची वार्ता कळतांच विमान बँकॉककडे वळविलें व तेथें सुखरूप उतरविलें. परंतु एक वृद्ध प्रवासी मृत्यु पावला होता, आणि अनेक प्रवासी व कर्मचारी जखमी झाले होते.

आठ सेकंदांत काय होऊं शकतें, याचा विचार करा. उठून गेलेला मनुष्य आपल्या आसनापर्यंत परत येऊं शकत नाहीं. निजलेल्या मुलाचा पट्टा आईस पांघरुणाखालीं सांपडत नाहीं. पदार्थांची गाडी लोटणाऱ्या सेविकेस ती अडकवून ठेवण्यास अवधि मिळत नाहीं. त्या घटनेनंतर त्या कंपनीनें नियम केला कीं, दिवा लागलेला असतां उष्ण पेयेंच नव्हे तर जेवणही वाढूं नये व सेवकवर्गानेंही आपापल्या जागीं बसावें.

यावरून पालकांनीं व मुलांनीं एवढेंच ध्यानांत धरावें: दिवा विझला तरी आसनावर असेपर्यंत पट्टा सोडूं नये, आणि लहान मूल निजल्यास त्याचा पट्टा पांघरुणाच्या वरून, सहज दिसेल असा बांधावा. सेविकेनें बसण्यास सांगितलें असतां कारण विचारण्यांत वेळ दवडूं नये. ही सूचना देतांना ती बहुधा स्वतः उभी असते, आणि तिलाही लवकर बसावयाचें असतें.