बहुविध आघात : जखमी माणसाची पहिली तपासणी व प्राणरक्षण

माणसाला एकच जखम झाली असेल, तर उपचार कोठून सुरू करावयाचा हा प्रश्न फारसा पडत नाही. हाड मोडले असेल तर ते बांधावे, कातडी फाटली असेल तर ती शिवावी. परंतु डोके, छाती, पोट आणि पाय या सर्वांना एकाच वेळी इजा झाली असेल, तर आधी कोणीकडे पाहावयाचे? अशा अवस्थेस बहुविध आघात म्हणतात. वाहनांचे अपघात, उंचावरून पडणे, इमारत कोसळणे आणि स्फोट ही त्याची नेहमीची कारणे होत.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूर शहराला या प्रश्नाचा फार कठोर अनुभव १३ मे २००८ रोजी आला. मंगळवार असल्याने हनुमानाच्या मंदिरांपाशी गर्दी होती. संध्याकाळी तटबंदीच्या आतील बाजारपेठांत आणि मंदिरांजवळ थोड्याथोड्या वेळाने नऊ स्फोट झाले. साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व त्याहून कितीतरी अधिक जखमी झाली. जखमींपैकी बहुतेकांना तटाबाहेरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात नेण्यात आले.

स्फोट माणसाला एकाच रीतीने जखमी करीत नाही. हवेच्या दाबाची लाट कानाचे पडदे व फुप्फुसे फाडते. धातूचे तुकडे शरीरात घुसतात. माणूस फेकला जाऊन त्याची हाडे मोडतात, आणि ज्वालेने कातडी भाजते. म्हणजे चार निरनिराळ्या जातींच्या इजा एकाच देहावर होतात. त्यांतील जी डोळ्यांना सर्वांत भयंकर दिसते तीच सर्वांत घातक असते असे मुळीच नाही.

क्रमाचे तत्त्व

निरनिराळ्या इजा निरनिराळ्या वेगाने जीव घेतात, हे या शास्त्राचे मूळ तत्त्व होय. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला तर मेंदू काही मिनिटांतच कायमचा दुखावतो. मोठा रक्तस्राव त्याच वेगाने किंवा थोड्या अधिक अवधीत मृत्यू आणतो. मोडलेले हाड मात्र, रक्त वाहत नसेल तर, काही तास थांबू शकते. म्हणून जे आधी मारते त्यावर आधी उपचार करावयाचा, असा नियम ठरला. संपूर्ण निदान होईपर्यंत थांबावयाचे नाही. धोका दिसताच तो दूर करून पुढच्या पायरीकडे जावयाचे.

आज हा नियम साधा वाटतो, तथापि तो पद्धतशीर रीतीने शिकविला जाऊ लागला त्याला फार काळ लोटलेला नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान नेब्रास्का राज्यातील शेतात कोसळले. त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला, व मुले जखमी झाली. लहान गावातील रुग्णालयात मिळालेला उपचार त्यांना फारच अपुरा वाटला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यासक्रम रचला. त्याचा पहिला वर्ग १९७८ मध्ये भरला, आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने तो स्वीकारला. ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट या नावाने तो पुढे भारतासह अनेक देशांत पोहोचला.

तपासणीच्या पायऱ्या

हात वा पाय यांतून रक्ताची धार लागलेली असेल, तर सर्वांआधी ती थांबवावी लागते. जखमेवर कापड घट्ट दाबतात. तेवढ्याने भागले नाही तर जखमेच्या वरच्या बाजूस रुंद पट्टा आवळतात व आवळल्याची वेळ लिहून ठेवतात.

यानंतर पहिली पायरी श्वासमार्गाची. रुग्णाला त्याचे नाव विचारावे. तो स्पष्ट उत्तर देत असेल, तर श्वासमार्ग मोकळा आहे, हवा आत-बाहेर जात आहे आणि मेंदूला रक्त पोहोचत आहे, या तिन्ही गोष्टी एकाच उत्तराने कळतात. घरघर ऐकू येत असेल, तर जीभ मागे पडलेली असते किंवा रक्त व ओकारी घशात साठलेली असते. जबडा पुढे उचलून व घसा साफ करून वाट मोकळी करतात. आवश्यक तर श्वासनलिकेत नळी घालतात. हे करताना मान हलू देत नाहीत. मानेचा मणका मोडलेला असल्यास थोड्याशा हालचालीनेही मज्जारज्जू दुखावू शकतो.

दुसरी पायरी श्वसनाची. छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात की नाही हे पाहावयाचे व नळीने श्वासध्वनी ऐकावयाचे. फाटलेल्या फुप्फुसातून हवा छातीच्या पोकळीत शिरते, पण कधी कधी बाहेर पडू शकत नाही. प्रत्येक श्वासागणिक दाब वाढतो, फुप्फुस मिटते आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. अशा वेळी क्ष-किरण चित्राची वाट पाहणे म्हणजे रुग्ण गमावणे होय. जाड सुई वा नळी छातीत घालून हवा तत्काळ बाहेर काढली, तर मरणोन्मुख माणूस मिनिटभरात सावरू शकतो.

तिसरी पायरी रक्ताभिसरणाची. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यांपैकी दीड लिटरपर्यंत रक्त गेले तरी तरुण माणसाचा रक्तदाब बऱ्याचदा टिकून राहतो, कारण रक्तवाहिन्या आकुंचित होतात व हृदय जलद धडधडते. म्हणून रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. जलद नाडी, थंड व घामेजलेली कातडी आणि अस्वस्थपणा ही आधीची लक्षणे होत. रक्त जमिनीवर सांडलेले नसेल, तर ते छाती, पोट, कटिभाग किंवा मांडी यांत दडलेले असते. मोडलेल्या एका मांडीत दीड लिटरपर्यंत रक्त साठू शकते. कटिभागाचे हाड मोडले असल्यास नितंबांभोवती चादर घट्ट बांधली, तरी रक्तस्राव कमी होतो. पोटातील रक्त सोनोग्राफीने खाटेपाशीच दिसते.

चौथी पायरी मेंदूची. टीझडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगो येथे तयार केलेल्या मापनानुसार डोळे, वाचा व हालचाल यांना गुण देतात. एकूण गुण ३ ते १५ असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण असल्यास रुग्ण आपला श्वासमार्ग स्वतः राखू शकत नाही असे समजतात.

पाचव्या पायरीत सर्व कपडे कापून काढून पाठीसह संपूर्ण शरीर पाहतात, आणि लगेच पांघरूण घालतात. जयपूरच्या उन्हाळ्यातही हे पांघरूण आवश्यक असते, कारण रक्त गमावलेला देह आपली उष्णता राखू शकत नाही.

प्राणरक्षणाविषयी बदललेले विचार

पूर्वी अशा रुग्णांना कित्येक लिटर सलाइन देत असत. अनुभवाने असे दिसून आले की, त्यामुळे रक्त पातळ व थंड होते आणि गोठण्याची शक्ती घटते. थंडी, रक्तातील वाढती आम्लता आणि न गोठणारे रक्त ही तिन्ही संकटे परस्परांना वाढवितात. म्हणून आज सलाइन मोजकेच देऊन लवकर रक्त व रक्तघटक देतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. ४० देशांतील २० हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या औषधाने मृत्यू कमी होतात असे आढळले. तथापि इजेनंतर तीन तासांच्या आत ते द्यावे लागते. मात्र आतला रक्तस्राव औषधाने वा सलाइनने थांबत नसेल, तर शस्त्रक्रिया हाच प्राणरक्षणाचा उपाय ठरतो.

रुग्णाची प्रकृती बिघडली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासणी करतात. आणि जयपूरप्रमाणे एकदम अनेक जखमी आले, तर आधी माणसांचाच क्रम लावावा लागतो. मोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. कोपऱ्यात निपचित पडलेला मनुष्य बहुधा अधिक धोक्यात असतो.

जीव आधी आणि अवयव नंतर, हा या क्रमाचा अर्थ आहे. याच सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सुप्रसिद्ध जयपूर फूट घडविला. पाय गमावलेला मनुष्य त्याच्या साहाय्याने पुन्हा चालू शकतो. परंतु त्यासाठी तो आधी वाचला पाहिजे.

नागरिकांचे कर्तव्य

हा क्रम रुग्णालयाच्या दारापाशी सुरू होत नाही; तो रस्त्यावरच सुरू होतो. आधी स्वतःची सुरक्षितता पाहून ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. शरीरात रुतलेली वस्तू उपटू नये. तोंडाने पाणी पाजू नये. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल, तर डोके, मान व धड एकत्र वळवून त्यास कुशीवर ठेवावे. आग वा वाहतूक यांचा धोका नसेल, तर त्यास उगाच ओढू नये.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ लोक मदतीस पुढे येत नसत. आपत्कालीन उपचार कायदेशीर सोपस्कारांसाठी अडवून ठेवता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे, आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. शस्त्रवैद्याच्या हाती जखमी पोहोचेपर्यंतची मिनिटे अशा अनोळखी माणसाच्याच हाती असतात. त्या मिनिटांत रक्त थांबले व श्वास चालू राहिला, तरच पुढील साऱ्या उपचारांना अर्थ उरतो.