पिल्लाला बाहेर जायची सवय लावताना

सख्यांनो, कुत्र्याचं पिल्लू घरी आणतात पोरं आणि त्याची घाण काढायची आपण. आमच्याकडेही तेच झालं. धाकट्याने दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि पहिल्याच दिवशी त्याने चुलीजवळ शू केली. सासूबाईंनी त्याचं नाक त्यात घासलं, वर केरसुणीचे दोन फटके दिले. दुसऱ्या दिवसापासून ते धान्याच्या कणगीमागे जाऊन घाण करायला लागलं.

म्हणजे मार खाऊन ते शिकलं काय? माणसासमोर करायचं नाही, एवढंच. मग बाहेर नेलं तरी आपल्यासमोर करेना! आपण ओरडलो की ते शेपूट पायात घालतं, आपल्याला वाटतं चूक कळली. तसं नसतं. त्याला फक्त आपला राग दिसतो. मघाशी केलेल्या घाणीचा हा राग, हे त्याला समजत नाही.

एवढंसं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवू शकत नाही. झोपून उठलं, खेळून झालं, की लगेच बाहेर न्यायचं. खाल्ल्यावर पाव तासाच्या आत. जमीन हुंगत गोल फिरू लागलं तर हातातलं काम टाकून उचला. जागा रोज एकच ठेवा. तिथे गप्प उभं राहायचं, आणि त्याचं झालं की त्याच क्षणी "शाबास" म्हणून भाकरीचा बोराएवढा तुकडा द्यायचा. घरात येऊन दिला तर त्याला वाटतं, घरात आल्याचाच तुकडा मिळाला. मी तुकडे पदराच्या गाठीतच ठेवायचे. कांदा, मनुके, चॉकलेट मात्र देऊ नका, कुत्र्याला ते विषारी असतं.

रात्री निजताना आणि मध्ये एकदा उठून न्यावं लागतं. हे काम पोरांवर टाका, आणलंय त्यांनी! शेतावर जाताना पिल्लू सोबत न्या, नाहीतर ओसरीत सावलीला पाणी ठेवून ठेवा.

घरात झालंच तर न बोलता पुसा. सारवलेल्या जमिनीत शू मुरते आणि त्याच वासाने पिल्लू पुन्हा तिथेच जातं. म्हणून ओली माती खरवडून काढा, नवी माती लावून सारवा. फरशी असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा.

पिल्लाच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात. मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात ती जातात. त्यामुळे विष्ठा परसबागेत टाकू नका, लांब खड्ड्यात पुरा आणि हात साबणाने धुवा. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जंताचं औषध विचारून घ्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून आणा, पुढचा डोस कधी तेही तिथेच विचारा.

आमचं पिल्लू सव्वा महिन्यात दाराशी जाऊन कुंकूं करायला लागलं. अजून एखादा दिवस चुकतं, पावसात तर हमखास. आता भाकरीचा तुकडा सासूबाईच देतात.