हुन्नर कोणता शिकावा?

दिवाळी सरली की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांना कुलूप लागते. माणसे कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. बाया जातात, पोरेही जातात. पोरांची शाळा बुडते. घेतलेली उचल लवकर फिटत नाही.

आता आपण त्या उसाच्या मागे जाऊ. ऊस कारखान्यात गेला. चरकात पिळला गेला. रस तापला, आटला, साखर निघाली. चरक बिघडला तर कोण लागतो? जोडारी. त्यालाच फिटर म्हणतात. वाफेचा नळ फुटला तर लोखंड सांधणारा वेल्डर लागतो. मोटार बंद पडली तर वीजतंत्री लागतो. बॉयलरवर तर सरकारी दाखला असलेलाच माणूस ठेवावा लागतो. कायदाच तसा आहे. हंगाम संपला म्हणजे कोयता घरी येतो. चरक खोलून दुरुस्त करण्याचे काम मात्र तेव्हाच सुरू होते.

म्हणजे एकाच उसावर दोन प्रकारचे काम आहे. एक अंगाच्या बळाचे, दुसरे हुन्नराचे.

हुन्नर शिकवायला शाळा लागते. ही गोष्ट मुंबईला फार पूर्वी कळली. तिथे १८५६ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या. यंत्रे विलायतेची, आणि यंत्रांचे जाणकारही विलायतेहून आणावे लागत. मग १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. गिरण्यांना लागणारे काम तिथे आपल्या पोरांना शिकवू लागले. आधी गरज पाहिली, मग शिक्षण ठरवले.

आता असे शिक्षण आपल्या जिल्ह्यातही मिळते. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. लोक त्यांना आयटीआय म्हणतात. जोडारी आणि वीजतंत्री यांना दोन वर्षे लागतात. वेल्डरला एक वर्ष पुरते. मुलींनाही प्रवेश मिळतो. आदिवासी मुलामुलींसाठी राखीव जागा असतात.

पण नुसता दाखला हातात आला म्हणजे झाले, असे समजू नये. शाळेतले यंत्र जुने असते, कारखान्यातले नवे. शाळेत चूक झाली तर पुन्हा करता येते. कारखान्यात चुकीने माल वाया जातो, कधी बोटही जाते. म्हणून १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. शिकून निघालेल्या पोराने कारखान्यातच उमेदवारी करावी, कारखान्याने त्याला विद्यावेतन द्यावे, असे त्यात आहे. २०१९ च्या नियमाप्रमाणे ३० किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या कारखान्याने असे उमेदवार घेतलेच पाहिजेत. हे पैसे कुणाची मेहेरबानी नव्हे, उमेदवाराचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट. शेजारचा पोरगा गेला म्हणून आपलाही त्याच वर्गात घालू नये. एकच काम सगळे शिकले तर काम थोडे आणि हात फार, असे होते. आधी भोवती पाहावे. नंदुरबारला मिरची पथारीवर वाळते आणि गिरणीत दळली जाते. कापसाचे जिनिंग चालते. शेतोशेत पंप आहेत. यांची यंत्रे कोण दुरुस्त करतो? तो माणूस कुठून येतो? तो बाहेरगावचा असेल, तर ती जागा आपल्या पोरापोरींची आहे.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन संस्थेत जा आणि हे विचारा:

१. मागच्या वर्षी शिकलेली मुले आज कुठे काम करतात?
२. उमेदवारीसाठी कोणते कारखाने मुले घेतात?
३. विद्यावेतन किती मिळते?
४. वसतिगृहाची सोय आहे का?

विचारायला लाजू नका. तुम्हाला आता वाचता येते. उत्तरे कागदावर लिहून घ्या. घरी सगळ्यांनी बसून वाचा. मगच ठरवा.