सातने भागलेली संख्या

असे समजा की बाभुळगावच्या सात शेतकऱ्यांनी भागीदारीत कापूस पिकवला. तो विकून दहा लाख रुपये आले. प्रत्येकाचा वाटा किती? करा भागाकार. प्रत्येकाला १,४२,८५७ रुपये मिळतील आणि एक रुपया उरेल. त्या उरलेल्या रुपयाकडे लक्ष ठेवा. खरी गंमत त्यातच आहे.

आता १४२८५७ ला २ ने गुणा. उत्तर २८५७१४. तीनने गुणा, ४२८५७१. चारने ५७१४२८, पाचने ७१४२८५, सहाने ८५७१४२. प्रत्येक वेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, जणू गोल रिंगणात फिरणारी मुले! फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते. सातने गुणल्यावर मात्र रिंगण मोडते आणि ९९९९९९ येते.

हा जादूचा खेळ नाही. १ ला ७ ने भागून पाहा. दहात सात एकदा, बाकी ३. तीसात चार वेळा, बाकी २. वीसात दोन वेळा, बाकी ६. साठात आठ वेळा, बाकी ४. चाळीसात पाच वेळा, बाकी ५. पन्नासात सात वेळा, बाकी पुन्हा १. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या येऊ शकतात आणि येथे त्या सहाही येतात. शेवटी १ उरला की भागाकार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ३ पासून आरंभ केला तर ४२८५७१ मिळते, म्हणजेच तिप्पट. हे पाठ करू नका. पाटीवर किंवा वहीत करून पाहा.

उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, पण त्यातली संख्या डावीकडूनच वाचतो. त्यामुळे हे रिंगण दोन्ही भाषांत एकाच दिशेने फिरते.

अशा संख्यांचा नाद आपल्याच राज्यातील एका शिक्षकांना होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते १९३० ते १९६२ पर्यंत शिकवत होते. गणितातील मोठी पदवी त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून अनेक विद्वानांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. पुढे १९७५ साली अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

१४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज करा. पुन्हा १४२८५७! अशा संख्येला आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. तिच्या अंकांची बेरीज २७ आणि २७ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे सुंदर नाव दिले.

आता ७ ऐवजी १३ घेऊन १ ला भागा. सहा अंकांनंतर बाकी १ येते, पण बाक्या बारा असायला हव्या होत्या. उरलेल्या सहा कोठे गेल्या? २ ला १३ ने भागा, म्हणजे त्या सापडतील. नंतर १७ घ्या. वहीचे पान मात्र आडवे धरा, कारण ते रिंगण सोळा अंकांचे आहे.